म्हैस काढू नका

पुणे,
रविवार, रात्र

चि. भाचीबाईंस,


काल रात्री दाजींचा फोन आला. एरवी ते पाऊस, कांदा आणि तुझ्या आईचे गुडघे याच क्रमानं बोलतात. काल मात्र थेट म्हणाले, "दोनातली एक म्हैस काढतो म्हणतोय. पोरीला पिस्तूल घेऊ. कुठलं घ्यायचं तेवढं तुम्ही सांगा." मी म्हटलं, पत्रानं कळवतो. ते हसले. पण फोनवर मला हो नाहीतर नाही एवढंच बोलता येतं, आणि हे तेवढ्यात उरकण्यासारखं नाही. आधी तू वाच, मग जेवणं झाल्यावर त्यांना वाचून दाखव. आई जवळ असू दे. मध्ये लाकडाच्या पिस्तुलाचा मजकूर आहे, तो ऐकून तिला वाटेल भाऊ खुळा झाला. वाटू दे.

तुझ्या डोक्यात हे कधी शिरलं ते मला ठाऊक आहे. यात्रेत फुगे फोडायच्या बंदुकीनं तू दहातले आठ फोडलेस आणि त्या फुगेवाल्यानं तोंड वाकडं करून तुला प्लॅस्टिकचा कंगवा दिला, तेव्हाच. मग दसऱ्याला मी आलो. पाटावर कोयता, विळा, दाजींची पहार आणि माझं जुनं पिस्तूल अशी पूजा मांडली होती. आपट्याची पानं उचलताना तू हळूच विचारलंस, धरून बघू? धरलंस. एक किलोला थोडं कमी वजन, हात सरळ, दहा सेकंदांत टोक असं थरथरायला लागलं की तू लाजून खाली ठेवलंस. मला फुग्यांपेक्षा तुझी ती लाज आवडली. हात हलतो हे कळायलाच कित्येकांना वर्ष लागतं.

आता पैशाचं. परदेशी बनावटीचं चांगलं दहा मीटरचं एअर पिस्तूल, स्टायर म्हण, मोरिनी म्हण, वॉल्थर म्हण, आजच्या भावानं दीड लाखाच्या पुढेच जातं. म्हणजे चांगल्या मुऱ्हा म्हशीच्या किमतीत वर आणखी भर घालावी लागेल. समजा घातली. पिस्तूल आलं, घरात पेढे वाटले. दुसऱ्या महिन्यात छर्रे कशातून आणणार? आठवड्यातून तीन दिवस, दर वेळी साठ नेम, असा अगदी बेताचा सराव धरला तरी महिन्याला सातशे-साडेसातशे छर्रे लागतात. डबा पाचशेचा येतो, म्हणजे दीड डबा. साधा सरावाचा छर्रा रुपयाच्या आसपास पडतो, सामन्याचा त्याहून महाग. शिवाय रेंजची फी, एसटीचं तिकीट, स्पर्धेची प्रवेश फी. हे सगळं येणार दुधाच्या पगारातून, आणि तो पगार देणारीच तुम्ही बाजारात उभी करणार. दाजींना हे वाक्य मोठ्यानं वाचून दाखव. पिस्तूल एकदाच घ्यायचं असतं, छर्रे दर महिन्याला. म्हैस छऱ्यांसाठी ठेवा.

हे शहाणपण मी फुकट मिळवलेलं नाही. सव्विसाव्या वर्षी, फिटरची नोकरी लागून चार वर्षं झाली होती तेव्हा, मी पतसंस्थेचं कर्ज काढून एकाकडून जुनं परदेशी पिस्तूल घेतलं. विकणारा गोड बोलला. पेटीत मखमल होती. मी मखमल बघितली, सिलिंडरवरची तारीख बघितली नाही. या पिस्तुलांना खाली हवेची नळकांडी असते, तिच्यात सुमारे दोनशे बार दाबाची हवा भरतात, आणि त्या नळकांडीला मुदत असते, बनवल्यापासून साधारण दहा वर्षं. मुदत टळलेली नळी स्पर्धेत चालत नाही, आणि खरं तर घरीही वापरू नये. माझीची मुदत दोन वर्षांपूर्वीच संपली होती. नवी मागवायला पैसे नव्हते. त्यात मूठ मोठ्या पंजाची. माझी बोटं तुझ्यासारखीच आखूड, ट्रिगरवर बोटाचं टोक कसंबसं पोचायचं, आणि दर नेमाला पिस्तूल किंचित डावीकडे ओढलं जायचं. आठ महिने मी हप्ते फेडले आणि गुण होते तिथेच राहिले. शेवटी तोट्यात विकलं. पुढं क्लबच्या पिस्तुलावर, फी भरून, दोन वर्षांत सहाशेपैकी ५४८ पर्यंत पोचलो. राज्य स्पर्धेच्या पुढं माझी मजल गेली नाही, ते मी तुझ्यापासून कधी लपवलेलं नाही. दसऱ्याला पाटावर होतं ते पिस्तूल त्यानंतर कितीतरी वर्षांनी, हाताचं माप कळल्यावर घेतलेलं.

एक गोष्ट मात्र दैवानं तुझ्या बाजूनं झाली आहे. तुला रायफल नाही, पिस्तूल आवडलं. पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये १ ऑगस्ट २०२४ रोजी स्वप्निल कुसाळेनं रायफलमध्ये ब्राँझ जिंकलं तेव्हा तुम्ही सगळे टीव्हीपुढं होता. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा मुलगा, क्रीडा प्रबोधिनीत घडलेला, तेव्हा रेल्वेत तिकीट तपासनीस. खाशाबा जाधवांच्या १९५२ च्या पदकानंतर ७२ वर्षांनी महाराष्ट्राच्या माणसाला मिळालेलं ते वैयक्तिक पदक. त्याच्या अंगावरचं ते जाड, ताठ जाकीट आठवतं? तशीच विजार, तसेच बूट, हातमोजा. रायफलवाल्याला बंदुकीआधी शिंपी गाठावा लागतो. त्यात त्याचा प्रकार पन्नास मीटरचा, खरी काडतुसं लागणारा. पिस्तुलाला यातलं काही लागत नाही. उलट घोटा झाकणारे बूट पिस्तुलाच्या स्पर्धेत घालूच देत नाहीत. तुझे शाळेचे पांढरे कॅनव्हासचे बूट, तळ सपाट असला की झालं.

आणि तो तुर्कस्तानचा काका तुम्ही मोबाइलवर बघितलाच असेल. युसुफ दिकेच. एक हात खिशात, डोळ्यांवर रोजचा चष्मा, अंगात टीशर्ट, आणि मिश्र सांघिकमध्ये रौप्य. जग त्या खिशातल्या हातावर भाळलं. पोरं फोटो काढायला लागली. पण हा माणूस २००८ च्या बीजिंगपासून ऑलिंपिक खेळतोय हे कुणी फॉरवर्ड केलं नाही. आणि त्याच्या हातातलं पिस्तूल काही यात्रेतलं नव्हतं. त्याच्याकडून घ्यायचं ते एवढंच की बाकीचा जो सरंजाम दुकानदार दाखवतात, तो नसला तरी चालतं.

आता खेळ काय आहे ते नीट समजून घे, म्हणजे पैसे कुठं घालायचे ते आपोआप कळेल. अंतर दहा मीटर, म्हणजे तेहतीस फूट. समोरच्या कागदावर जे काळं दिसतं त्याचा व्यास ५९.५ मिलिमीटर. दहा गुणांचं वर्तुळ ११.५ मिलिमीटरचं, दाजींच्या सदऱ्याच्या बटणाएवढं. छर्रा साडेचार मिलिमीटरचा. एकाच हातानं धरायचं, दुसरा हात लावायचा नाही. साठ नेम, सव्वा तास, प्रत्येकाचे जास्तीत जास्त दहा. ट्रिगर किमान पाचशे ग्रॅमचा असावा लागतो.

पुढच्या साईटपासून मागच्या खाचेपर्यंतचं अंतर दीड वीत, म्हणजे तेहतीस-चौतीस सेंटिमीटर असतं. दहा मीटर म्हणजे त्याच्या तीसपट. म्हणून खाचेत पुढची साईट फक्त एक मिलिमीटर बाजूला गेली, तर कागदावर छर्रा तीन सेंटिमीटर बाजूला पडतो, काळ्याच्या अगदी कडेला. दहाच्या जागी सात. पण साईट खाचेत बरोबर मधोमध असेल आणि सगळा हातच एक सेंटिमीटर उजवीकडे सरकलेला असेल, तर छर्राही एकच सेंटिमीटर सरकतो, आणि नऊ मिळतात. वहीत आकृती काढून बघ, भूमितीच्या मॅडमना आनंद होईल. याचा अर्थ दसऱ्याला तू ज्याला लाजलीस ती थरथर तुझी शत्रू नाहीच. ती मोठमोठ्यांच्या हातात असते. शत्रू आहे ते मनगट मोडणं, आणि ऐन वेळी ट्रिगरला दिलेला हिसका. नजर पुढच्या साईटवर रोखायची, तिच्या कडा स्वच्छ दिसल्या पाहिजेत. काळं वर्तुळ धूसर दिसलं तरी दिसू दे. सगळ्या नवख्यांचा जीव काळ्यात अडकतो. आणि ट्रिगर हिसका न देता मागे आणायचा, ढेप न हलवता तिच्यातून सुई ओढावी तसा.

हे सारं शिकायला छर्रा लागत नाही. पिस्तूलही लागत नाही, निदान पहिले दोन महिने. तुमच्या वाडीतल्या सुतारदादांकडे जा. सोबत आकृती जोडली आहे. वाळलेली बाभळ घ्यायला सांग, ती वजनाला चांगली. मूठ तुझ्या पंजाच्या मापानं कानशीनं घासून घ्यायची, करंगळी बाहेर लटकता कामा नये आणि बोटाचं पहिलं पेर ट्रिगरच्या जागी सहज आलं पाहिजे. पुढं-मागं पत्र्याच्या पट्टीच्या साईट ठोकायच्या. नळीच्या खाली नटबोल्ट अडकवून वजन साडेनऊशे ग्रॅम करायचं, डेअरीच्या काट्यावर बघून ये. झालं तुझं पहिलं पिस्तूल. फक्त ते घेऊन रस्त्यावर, एसटी स्टँडवर किंवा देवळाच्या आवारात फिरायचं नाही. लाकडाचं आहे हे बघणाऱ्याला लांबून कळत नाही.

रोज सकाळी घरकामं आटोपली की पांढऱ्या भिंतीसमोर उभी राहा. भिंतीवर काही काढायचं नाही, कोरी भिंतच हवी, म्हणजे नजर साईटवरून पळणार नाही. हात वर, पंधरा सेकंद, खाली. मिनिटभर विश्रांती. असं वीस वेळा. खांदा दुखला तर थांबायचं, जिद्द दाखवायची नाही. खांदा गेला तर पिस्तूल फुकटात मिळालं तरी उपयोग नाही. उत्तर प्रदेशातल्या बागपत जिल्ह्यात जोहरी नावाचं गाव आहे. तिथल्या चंद्रो तोमर साठी ओलांडल्यावर नातीला सोडायला म्हणून रेंजवर गेल्या आणि स्वतःच नेमबाज झाल्या. २०२१ मध्ये वारल्या. त्या घरी पाण्यानं भरलेला जग हात सरळ करून धरून उभ्या राहायच्या. तुझ्या आजीनं हे ऐकलं तर म्हणेल, आम्ही कऱ्हा नदीवरनं हंडे आणले तेव्हा कुणी पदक दिलं नाही.

कुठला डोळा धनी आहे तेही बघून घे. दोन्ही तळव्यांचा त्रिकोण करून लांबचा कळस त्यात धर आणि एकेक डोळा मीट. ज्या डोळ्याला कळस तसाच दिसतो तो धनी. तो आणि हात एकाच बाजूचे असले तर सुखाचं. दुसरा डोळा मिटायचा नाही, चेहरा आखडतो. टोपीला दुधी प्लॅस्टिकचा तुकडा लावून तो नुसता झाकायचा. तुकडा तीस मिलिमीटरहून रुंद नको, नियम आहे. दुकानात याला ब्लाइंडर म्हणतात आणि पैसे घेतात. तूप येतं त्या डब्याच्या झाकणाचा एक होतो.

दोन महिने झाले की रेंज. बारामतीत सध्या कुठं सोय आहे ते क्रीडा कार्यालयात आणि कॉलेजच्या पी.टी.च्या सरांकडे विचार, एनसीसीत नाव घालता येत असेल तर घाल. खडकीची अनिसा सय्यद शाळेत एनसीसीतूनच बंदुकीला हात लावून पुढं आली आणि २०१० च्या दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत पिस्तुलाची दोन सुवर्णपदकं घेऊन गेली, त्यातलं एक कोल्हापूरच्या राही सरनोबतबरोबर. राहीनं पुढं २०१८ ला आशियाई स्पर्धेत सोनं घेतलं, नेमबाजीत ते मिळवणारी ती पहिली भारतीय बाई. दोघींचाही प्रकार पंचवीस मीटरचा. त्याला काडतुसं लागतात, परवाना लागतो, त्याकडे आत्ता बघायचंसुद्धा नाही.

तिथं सोय नसली तर महिन्यातले दोन रविवार माझ्याकडे. पहाटेची एसटी धर, जेजुरी-सासवडवरून स्वारगेटला उतर. २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, हा तुमच्या खेळाला मिळालेला सरकारी आश्रयच समज. माझ्या ओळखीच्या क्लबात पिस्तूल भाड्यानं मिळतं, छोट्या मुठीचं एक आहे. बालेवाडीची रेंज तुला एकदा दाखवीन, १९९४ च्या राष्ट्रीय खेळांच्या वेळी उभारलेल्या संकुलातली. पण पहिल्याच दिवशी नाही. तिथली पोरं आणि त्यांच्या पेट्या बघून माणसाला उगाच गरीब वाटायला लागतं.

स्पर्धांची शिडी अशी. शाळा-कॉलेजच्या जिल्हा स्पर्धा क्रीडा अधिकाऱ्यांमार्फत होतात, त्यांत एअर पिस्तूल असतं. दुसरी वाट क्लबातून जिल्हा संघटना, मग राज्य, मग मावळंकर, मग राष्ट्रीय. रेंजवर पोरं विचारतात, "मावळंकर खेळलास का?" जणू ते एखाद्या परीक्षेचं नाव आहे. तो माणूस होता. गणेश वासुदेव मावळंकर, घराणं रत्नागिरीकडचं, आयुष्य अहमदाबादेत, लोकसभेचे पहिले अध्यक्ष. देशाची रायफल संघटना १९५१ मध्ये निघाली तेव्हा तिचे पहिले अध्यक्षही तेच. खादीतला, गांधीजींच्या चळवळीत तुरुंगात गेलेला माणूस बंदुकांच्या संघटनेच्या डोक्यावर, याचं मला अजून नवल वाटतं.

दाजी विचारतील, यातून काय मिळणार. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के जागा आहेत, त्यासाठी ठरलेल्या दर्जाच्या स्पर्धेतलं पदक लागतं. एवढं सांग आणि थांब. पदकाचं वचन देऊन दुधाचे पैसे मागू नकोस. वर्षभराचा खर्च वहीत लिहून त्यांच्यापुढं ठेव, तो त्यांना पटेल. त्याच वहीच्या दुसऱ्या बाजूनं तुझे नेम लिही. बार झाल्यावर कागदाकडे बघायच्या आधी सांगायचं, हा उजवीकडे खाली गेला, आठ असेल. मग बघायचं. ज्या दिवशी तुझं सांगणं आणि भोक जुळायला लागेल, त्या दिवशी मला फोन कर, गुण कितीही असोत.

पिस्तूल वर्षानं. तेव्हाही नवं नाही. मी बरोबर येईन, सिलिंडरची तारीख बघेन, मखमल नाही. हवा भरायची नसेल तर दर नेमाला दांडा ओढून दाब भरायचं जुनं रशियन आयझेडएच-४६ कुणाकडे पडून असतं, दणकट असतं, वर दंडाचा व्यायामही होतो. साडेचार मिलिमीटरच्या, २० ज्यूलच्या आतल्या हवेच्या शस्त्राला परवाना लागत नाही. आपलं पाच-सहा ज्यूलचं. तरी पावती आणि क्लबचं ओळखपत्र कायम पेटीत. आणि महाग म्हणजे बिनघोर असंही नाही बरं. टोकियोला मनू भाकरचं पिस्तूल ऐन पात्रता फेरीत बिघडलं होतं. तीच पोरगी तीन वर्षांनी पॅरिसहून दोन पदकं घेऊन आली.

घरी रेंज करायची ते तेव्हा बघू. दाजी म्हणतायत कांदा चाळ लांब आहे. लांब आहे, पण तिला फटी असतात, छर्रा बाहेर जाईल. गोठ्यामागची दगडी भिंत बरी, तिच्यापुढं तिरका लोखंडी पत्रा आणि खाली वाळूची पेटी. पलीकडून कुणी येण्याची वाट बंद हवी. छर्रे शिशाचे, हात धुतल्याशिवाय भाकरीला हात नाही.

आता एक गोष्ट दरडावून सांगतो. शेजारची पोरं म्हणतील, होला मार, मोर मार, सुप्याकडे चिंकारा दिसतो. त्या मयूरेश्वर अभयारण्यातलं हरीण काय आणि आपल्या बांधावरचा मोर काय, १९७२ च्या कायद्यानं तो गुन्हा आहे, तुरुंग आहे. पण कायदा राहू दे. मोराच्या नावाच्या गावात राहतेस. ज्या दिवशी जिवंत प्राण्यावर नेम धरशील, नुसता धरशील, त्या दिवसापासून माझ्याकडे यायचं नाही. पिस्तूल रिकामं असो की भरलेलं, तोंड कायम निशाणाकडे, आणि नेम धरेपर्यंत बोट ट्रिगरच्या बाहेर. लाकडाच्या पिस्तुलालाही हाच नियम, हाताला वळण तिथंच लागतं.

पुढच्या रविवारी येऊ नकोस, मला ड्युटी आहे. त्याच्या पुढच्या रविवारी ये. नखं काप. येताना चुलीवरच्या बाजरीच्या चार भाकरी आण, इथं गॅसवर तशा होत नाहीत.

तुझा मामा

ता. क. दाजींना सांग, दोन्ही म्हशी मी येईपर्यंत दावणीलाच असू देत. आणि सुतारदादांनी पैसे घेतले नाहीत तरी द्यायचे, पाकिटात शंभराच्या दोन नोटा ठेवल्या आहेत. उरले तर मोठ्या पानांची दोनशे पानी वही घे.